ज्याचं त्याचं हत्यार

समस्त ग्रामस्थ, भाडेकरू, लघुउद्योजक, त्यांचे कामगार आणि केवळ पोह्यांसाठी येणारे सर्व नातेवाईक यांना अत्यंत जड अंतःकरणाने कळविण्यात येते की, गेल्या खंडेनवमीला तळवड्यातल्या आमच्या शेडमध्ये मालकाच्या हातून नारळ फुटला नाही. मालक म्हणजे मी. नारळ पुन्हा पुन्हा आपटला, बाजू बदलून आपटला, शेवटी डोळे मिटून आपटला. फरशीचा टवका उडाला. नारळ होता तसाच.

तुम्ही हसताय, हसा. त्या सकाळी शेडमध्ये कुणी हसलं नव्हतं.

नावं मी कुणाचीच घेणार नाही. या हकिगतीत एक पोलीस केस आहे आणि एक मेव्हणा आहे. केस चालू आहे आणि मेव्हणाही चालू आहे. शिवाय मला रोज घरीच जेवावं लागतं.

आमचं काम लेथचं. चाकणच्या मोठ्या कंपन्यांना माल देणाऱ्या मधल्या कंपन्या असतात, त्या मधल्यांना सुटे तुकडे करून देणाऱ्या बारक्या शेड असतात, त्यातली एक आमची. बुश, पिना, स्पेसर, असला माल. गंमत अशी की आम्ही घडवतो तो तुकडा शेवटी कुठल्या गाडीत कुठे बसतो, हे आमच्यापैकी बहुतेकांना ठाऊक नसतं. ड्रॉइंग येतं, आम्ही माप धरतो आणि माल जातो. त्यामुळे आमच्या टेबलावर एखादा विचित्र लोखंडी तुकडा पडलेला दिसला तर कुणीही दचकत नाही. कुणाचं तरी फिक्स्चर असेल, तुकडा पकडून ठेवायचं, असं म्हणतो आणि त्यावर चहाचा कप ठेवतो. ही आमची सवय ध्यानात असू द्या. पुढे कामाला येणार आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे एक शब्द. शेडमध्ये आम्ही पाना, हातोडी, व्हर्नियर, कानस या सगळ्यांना मिळून 'हत्यारं' म्हणतो. सुतारही म्हणतो, गवंडीही म्हणतो. 'हत्यारं आवरा, शिफ्ट संपली' असं आमचा सुपरवायझर रोज ओरडतो आणि त्यात आजवर कुणाला रक्त दिसलेलं नाही. तर खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मी शेडच्या ग्रुपवर दरवर्षीसारखा मेसेज टाकला: 'उद्या यंत्रपूजा. प्रत्येकाने ज्याचं त्याचं हत्यार सकाळी पूजेला आणून ठेवावं.' खाली हात जोडल्याचं चित्र, झेंडूचं चित्र.

या ग्रुपवर माझा मेव्हणाही आहे. शेडशी त्याचा संबंध पोह्यांपुरता, पण एकदा घेतलेला मेव्हणा ग्रुपमधून काढणार कोण? तो मारुंजीचा. वडिलोपार्जित जमिनीवर त्यानं खोल्या बांधल्यात आणि आयटीतल्या पोरापोरींना भाड्यानं दिल्यात. उरलेल्या वेळात प्लॉटिंग करतो. पांढरे कपडे, पांढरी गाडी, गळ्यात साखळी. माणूस मनानं वाईट नाही, पण चारचौघांत गेल्यावर आपल्यामागे काहीतरी वाजलं पाहिजे, अशी त्याला फार हौस. आधी त्यानं गाडीला हॉर्न बसवला. मग लग्नातल्या वरातींना स्वतःच्या खर्चानं ताशे आणायला लागला. आणि मग, दसऱ्याच्या थोडं आधी, एका दुपारी त्याचा मला फोन आला.

"दाजी, कट्टा घेतला."

आमच्याकडे कट्टा म्हणजे बसायची जागा. देवळापुढचा, पारावरचा, सोसायटीच्या गेटजवळचा. मी आपला खूश झालो.

"अरे वा! टाइल्स बसवून घे चांगल्या. उन्हाळ्यात गार लागल्या पाहिजेत."



"दाजी, तुम्ही लई भारी बोलता राव," असं म्हणून तो खो खो हसला आणि फोन ठेवला. मी बायकोला सांगितलं, तुझा भाऊ सुधारला, लोकांना बसायला कट्टा बांधतोय. तिच्या डोळ्यांत पाणी यायचंच बाकी होतं.

आता आबांकडे येऊ. आबा म्हणजे आमच्या शेडचे जागामालक. गावातलं जुनं शेतकरी घराणं. जमिनी शेडखाली गेल्या, पण आबांचं धोतर, टोपी आणि आवाज गेला नाही. त्यांच्याकडे बाराबोरची दुनळी बंदूक आहे, परवान्याची. पूर्वी नदीकाठच्या उसात रानडुकरं यायची, तेव्हापासूनची. आता उसाच्या जागी पार्किंग आहे, तरी आबा परवाना वेळच्या वेळी करून घेतात. निवडणूक आली की ठाण्याचा निरोप यायच्या आधीच बंदूक जमा करून येतात, आणि आल्यावर सुनेला माहेरी पोचवून आल्यासारखे गप्प बसतात.

त्यांच्या घरी बंदुकीचं एक शास्त्र आहे. बंदूक लोखंडी कपाटात, काडतुसं दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या कुलपात. दोन्ही किल्ल्या आबांच्या कमरेला. बंदूक काढली की नळीचं तोंड जमिनीकडे, ती बिजागरीपाशी मोडून आतून उजेड बघायचा, शेजारच्या माणसालाही बघायला लावायचा. आणि एवढं बघूनही, दोन्ही नळ्यांतून पलीकडचा दरवाजा स्वच्छ दिसत असूनही, ती बंदूक रिकामी आहे असं त्या घरात कुणी म्हणत नाही.

मी एकदा म्हणालो. नवीन होतो. "आबा, रिकामीच तर आहे, जरा धरू का?"

आबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी हात खिशात घातले.

"तुझ्या घरात तांदूळ संपले तर तुझी आई काय म्हणायची?"

"वाढले म्हणायची."

"बांगडी फुटली तर?"

"वाढली."

"संपले का म्हणत न्हाई? तोंडातनं गेलं की घरात येतं म्हणून. आमच्या घरात बंदूक रिकामी नसती. भरलेलीच हाय. कवाबी इचार, भरलेलीच हाय."

तेव्हा मला ही म्हाताऱ्याची विक्षिप्त रीत वाटली. त्यात एक चमत्कारिक थंडपणाही होता. सरळ पलीकडचा उजेड दिसतोय, आणि शेजारी उभा असलेला माणूस शांतपणे सांगतोय की भरलेली आहे. आपण मग त्या उजेडाकडेच संशयानं बघायला लागतो.

तर खंडेनवमी. त्या दिवशी तळवड्यात या म्हणजे तुम्हाला कळेल मी काय म्हणतो ते. एरवी या भागात आवाज हा हवेसारखा असतो. प्रेस, कंप्रेसर, ग्राइंडर, टेम्पोचा रिव्हर्स. आपल्याला तो ऐकूच येत नाही. खंडेनवमीला सगळ्या शेडची यंत्रं बंद, आणि मग जे काही कानात शिरतं त्याला शांतता म्हणवत नाही. कुणीतरी श्वास रोखून दाराआड उभं असल्यासारखं वाटतं. आपलीच चप्पल आपल्याला मागून ऐकू येते. लेथच्या चकांना हळदीकुंकू लावलेलं, झेंडूचे हार घातलेले, तेलानं काळ्या पडलेल्या त्या यंत्रांना अचानक तोंडं फुटलेली. मी दरवर्षी त्यांच्यामधून जाताना अंग चोरून जातो. हे मी शेडमध्ये कुणाला सांगितलेलं नाही. मालकाला असं बोलून चालत नाही.

जमिनीवर पांढरी चादर अंथरलेली. तिच्यावर प्रत्येकानं आपापलं हत्यार आणून ठेवलेलं. आमची एक पद्धत आहे, जुन्या मालकांपासूनची: पूजेला बसलेलं हत्यार दसऱ्याच्या सकाळपर्यंत उचलायचं नाही. आरती झाली की काम बंद ते दुसऱ्या दिवसापर्यंत बंद. कुणाला साधा स्क्रू पिळायचा असेल तरी नखानं पिळा.

मी चादरीपाशी बसलो आणि एकेका हत्याराला हळद, कुंकू, अक्षता, फूल घालत गेलो. पाना, पाना, व्हर्नियर, हातोडी, मायक्रोमीटर, मग एक लाकडी मूठ आणि तिला बसवलेला पाइपचा तुकडा, मग कानस, मग पुन्हा पाना. त्या पाइपला मी इतरांपेक्षा एक फूल जास्तच वाहिलं, कारण ते ओबडधोबड होतं आणि मला वाटलं कुणा नवीन पोरानं स्वतःच्या हातानं फिक्स्चर केलंय. कौतुक वाटलं मला! मी मान झुकवून नमस्कारसुद्धा केला.

मग नारळ. तो फुटेना. कामगार आधी हसत होते, मग हळूहळू एकेकाचं तोंड मिटलं. आमचा सुपरवायझर बीडकडचा, फार देवभोळा. तो पुटपुटला, "मालक, देवाला मान्य नाही काहीतरी."

"देवाला सगळं मान्य आहे, नारळ टणक आहे," मी म्हणालो. माझाच आवाज त्या शांततेत पलीकडच्या पत्र्यावर आपटून मला परत मिळाला आणि मला तो काही आवडला नाही.

तेवढ्यात माझी बायको पुढे झाली. "द्या इकडं. तुमच्या हातात नुसती बोटंच." माझ्या हातातून नारळ हिसकावून ती चादरीच्या टोकाला आमच्याकडे पाठ करून खाली बसली. ठक. ठक. ठाक. नारळाची दोन सरळ भकलं घेऊन ती वळली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी म्हणालो, बघा, हातोडी कशी धरायची ते हिच्याकडून शिका. ती म्हणाली, तुम्ही आरती म्हणा, सूर तरी लागतोय का बघू.

आरती झाली. बायको भिंतीजवळ स्टूल ओढून, चादरीकडे पाठ करून, प्रसादाचं खोबरं कापायला बसली. मेव्हणा दाराजवळ उभा होता, पांढऱ्या कपड्यांत, पोह्यांची बशी हातात, आणि त्या दिवशी तो बोलत नव्हता. मला वाटलं, तोंड भरलेलं आहे.

मग फोटो. दरवर्षी आम्ही एक फोटो काढतो, स्टेटसला ठेवायला. चादरीच्या मागे सगळे ओळीनं उभे राहतात, प्रत्येकजण आपापल्या हत्यारामागे. मी मोबाइल घेऊन समोर उभा राहिलो. सगळ्यांना सरकवून सरकवून जागेवर लावलं. स्क्रीनमध्ये पाहिलं आणि ओळीत फट दिसली.

"मधे कोण कमी आहे? सरका की जवळ."

"सरकलो तर हत्यार चुकतंय शेठ," एकजण म्हणाला.

खरंच. डावीकडचा आपल्या मायक्रोमीटरमागे होता, उजवीकडचा आपल्या कानशीमागे होता. मधे त्या लाकडी मुठीच्या, पाइपच्या वस्तूमागे कुणीच नव्हतं. एका माणसाच्या रुंदीची जागा. मी हजेरी घेतल्यासारखा सगळ्यांकडे बघत गेलो. गैरहजर कुणीच नव्हतं.

"कुणाचं आहे हे?"

"मला वाटलं ह्याचं."

"मला वाटलं तुमचं, मालक. तुम्ही पाया पडलात की त्याच्या."

फोटो माझ्याकडे अजून आहे, बोट चुकून लागलं आणि निघाला. त्यात सगळे त्या रिकाम्या जागेकडे बघतायत, आणि शपथेवर सांगतो, मोकळ्या जागेकडे कुणी असं बघत नाही. तिथे कुणीतरी उभं असल्यासारखे बघतायत.

"मालक," सुपरवायझर दबक्या आवाजात म्हणाला, "त्याच्यातून काहीतरी येतंय."

आम्ही वाकलो. मी लावलेलं कुंकू त्या लाकडी मुठीवरून ओघळलं होतं. बाकी एकाही हत्याराचं नाही. मूठ ओली होती, घामेजल्यासारखी, आणि तिच्या बुडाशी पांढऱ्या चादरीवर लाल डाग पसरत चालला होता. हळूहळू. आमच्या डोळ्यांदेखत.

कुणीतरी मागे सरकलं. कुणीतरी देवाचं नाव घेतलं. पत्र्यावरून एक मांजर चालत गेलं, त्याची पावलं आम्ही सगळ्यांनी मोजली.

नेमके तेव्हा आबा प्रसादाला आले. दारात चपला काढल्या, टोपी सारखी केली, "काय रं, मयत झाल्यागत काय उभं ऱ्हायलाय?" असं विचारत पुढे आले, आणि चादरीच्या अलीकडेच थांबले. त्यांनी त्या वस्तूकडे पाहिलं. मग तिच्या पाइपचं तोंड ज्या दिशेला होतं तिकडे मान वळवली. तिकडे भिंतीजवळ माझी बायको पाठमोरी बसून खोबरं कापत होती.

आबांचा आवाज मी इतका मऊ कधीच ऐकला नव्हता.

"कुणी हलायचं न्हाई. कुणी हात लावायचा न्हाई. ह्यो गावठी कट्टा हाय."

कट्टा. टाइल्स बसवून घे चांगल्या. 

"कुणाचा हाय?" आबांनी विचारलं.  ते माझ्या बायकोला म्हणाले, "सूनबाई, वाईच उठून बाजूला ये. माझ्याकडं न्हाई, त्या दाराकडं."

"आले आबा, एवढी वाटी कापते."

"आदी ये."

"अहो, दोनच तुकडे राहिलेत! प्रसाद काय असाच देऊ सगळ्यांना?" ती वळलीसुद्धा नाही. तिची वेणी, ब्लाउजची नाडी, मधोमध पाठ, आणि तिच्यावर लागलेला तो पाइपचा काळा गोल. सुरी ताटलीवर टक टक वाजत होती. मला ओरडायचं होतं, पण मला खरंच असं वाटलं की ओरडलो तर ते हत्यार दचकेल.

दाराजवळ बशी फुटली.

"ताई, ऊठ!" मेव्हणा ओरडला. "ऊठ म्हणतो ना! ऊठ तिथनं!"

त्या आवाजानं ती उठली. ताटली घेऊनच उठली आणि बाजूला झाली. "काय झालं रे? पाल पडली का?"

मग सगळेजण मेव्हण्याकडे वळले. तो घामानं थबथबला होता. पांढरा शर्ट अंगाला चिकटला होता.

"रिकामा आहे तो," तो म्हणाला. "आबा, खरंच रिकामा आहे. देणाऱ्यानं सांगितलंय. घेऊन जातो मी, इंद्रायणीत टाकून येतो." आणि तो पुढे निघाला, हात पुढे करून.

"जाग्यावर थांब!" आता आबांचा नेहमीचा आवाज परत आला होता. "रिकामा हाय म्हनतोस? मग भनीला ऊठ कशाला म्हनलास?"

मेव्हण्याचा हात तसाच हवेत राहिला.  

"उघडून बघितलास का आतनं?"

"मला उघडता येत नाही, आबा."

"आनला तवापासनं ठेवला कुठं?"

"गाडीत. सीटखाली. टॉवेलात गुंडाळून."

ज्या गाडीतून तो स्वतःच्या पोरींना शाळेत सोडतो, ती गाडी. माझी बायको दोन आठवड्यांपूर्वी त्याच सीटवर बसून लग्नाला गेली होती आणि रस्ता खराब म्हणून वाटभर कुरकुरत होती.

"आणि इथं कशाला ठेवलास रे?" मी विचारलं.

तेव्हा तो माझ्यावरच चिडला. "तुम्हीच मेसेज टाकला ना दाजी! ज्याचं त्याचं हत्यार! आबांच्या बंदुकीला दरवर्षी हळदीकुंकू मिळतं. माझ्या बापाच्या घरात हत्यार नव्हतं, कुठं ठेवू पूजेला? म्हटलं तुमच्यात ठेवावं, कुणाला कळणार नाही. पूजेतलं उद्यापर्यंत कुणी उचलत नाही. उद्या सकाळी घेतला असता, संध्याकाळी सोनं लुटताना एक बार काढला असता. एकच."

हे तो इतक्या मनापासून बोलला की मला क्षणभर त्याचं वाईट वाटलं. सीमोल्लंघनाला जमलेला सगळा गाव, आपट्याची पानं, आणि मधे हा, हात वर करून.

आबांनी सगळ्यांना भिंतीच्या कडेकडेनं बाहेर काढलं. त्या पाइपच्या समोरून कुणी जायचं नाही, मागूनही जायचं नाही. "ह्याला पुडं आनि मागं आसं नसतंय," ते म्हणाले. "ह्यो कुनीकडनंबी फुटंल." सुपरवायझरला अजून पूजा मोडण्याची धाकधूक. "आबा, पूजेतलं उचललं तर..." आबा म्हणाले, "आमी उचलतच न्हाई. पोलीस उचलतील. त्यांना तुजी पूजा न्हाई लागत."

मी फोन केला. मेव्हण्यानं माझा हात धरला. "दाजी, आत जाईन मी."

"जाशील," आबाच म्हणाले. "दोन्ही हात घिऊन जाशील."

पोलीस येईपर्यंत आम्ही सगळे बाहेर अंगणात. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी माझ्याच शेडला घाबरून बाहेर उभा होतो. दार उघडं होतं. आत हार घातलेली यंत्रं अर्धवर्तुळात उभी, मधे पांढरी चादर, आणि आतून अजिबात आवाज नाही. उदबत्तीचा धूर सरळ वर जात होता. मला सारखं वाटत होतं की आता आपण बाहेर आलो, तर आत ते सगळे आपसात काहीतरी बोलत असणार. बायकोला तोवर कुणीतरी सांगितलं की तुमच्या भावानं कट्टा आणला होता, बंदुकीचा. तिनं भावाला जे काही ऐकवलं ते मी लिहीत नाही. एवढंच सांगतो की तो पोलिसांची वाट बघायला लागला.

जीप आली. फौजदार एक तरुण बाई होत्या. बरोबर दोन शिपाई. आबांनी त्यांना मोजक्या शब्दांत सगळं सांगितलं, पाइपचं तोंड कुठल्या भिंतीकडे आहे तेही. त्यांनी शिपायांना आमच्यासमोर उभं केलं आणि त्या एकट्याच आत गेल्या.

आम्हाला काही दिसेना. नुसतं ऐकू येत होतं. बुटांचा आवाज, मग तो थांबला.  शेजारी कुणाच्या तरी पोटात गुरगुरलं. मग आतून लोखंडावर लोखंड घासल्याचा एक बारीक, कुरकुरता आवाज आला, आणि मेव्हण्यानं डोळे मिटून घेतले.

त्या बाहेर आल्या. एका हातात ती वस्तू, तोंड जमिनीकडे, कुंकवाफुलांसकट. दुसऱ्या हाताच्या तळव्यावर एक काडतूस.

"रिकामा म्हणालं होतं ना कुणीतरी?" त्यांनी विचारलं.

मेव्हणा मटकन खाली बसला.

"भरल्यालं," आबा हलकेच म्हणाले. पण त्यांच्या तोंडावर विजय वगैरे काही नव्हता. मला ते एकदम खूप म्हातारे दिसले.

बाईंनी काडतूस उन्हात धरलं. "हा पाइप बघा, कसला आहे. उद्या उडवला असता तर पुढं काय लागलं असतं माहीत नाही, पण उडवणाऱ्याचा पंजा आधी गेला असता. ते सोडा. हे बघा." काडतुसाच्या बुडाशी पितळेची बारीक टिकली असते, तिच्यावर एक खड्डा पडला होता. पिनेच्या टोकाएवढा. "ह्याच्यावर ठोका पडलाय. आतली पिन आपटली आहे. हलकी आपटली म्हणून उडालं नाही. नशीब बघा. चाप कुणी ओढला?"

"आईशप्पथ मॅडम," मेव्हणा खालूनच म्हणाला, "मी एकदाही ओढलेला नाही. उद्या ओढणार होतो."

"ह्याला ओढावा लागत नाही. कुठंतरी आपटला तरी पुरतं. आज कुणी आपटला?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. कुणी आपटलं नव्हतं. सकाळपासून ते चादरीवर होतं, पूजेत. कुणी हातसुद्धा लावला नव्हता. सुपरवायझरचे ओठ हलायला लागले, जप सुरू झाला असावा.

"मूठ तर चांगली आपटलेली दिसतेय," बाईंनी ते जरा तिरकं धरलं. "ओली आहे. आणि हे काय अडकलंय, काथ्या?" त्यांनी मुठीच्या फटीतून एक तपकिरी धागा नखानं ओढून काढला. "मूठ खाली करून आपटायची म्हणजे धरायचं नळीला. आणि मग नळीचं तोंड..." त्यांनी मोकळा हात वर नेला आणि स्वतःच्या गळ्यापाशी थांबवला. पुढचं वाक्य त्यांनी पुरं केलं नाही.

माझी बायको खोबऱ्याची ताटली घेऊन माझ्या शेजारी उभी होती. सकाळपासून तिनं ती वस्तू आत्ता पहिल्यांदाच नीट पाहिली. मग तिनं ताटली डाव्या हातात घेतली, उजवा हात उलटा केला आणि तळव्यावरच्या लाल डागाकडे बघितलं. तिथून खोबऱ्याकडे. तिथून मुठीकडे.

"अगं बया!" ती म्हणाली. "नारळ मी ह्यानंच फोडला की!"